हाताचा गिअर, त्रिकोणी काच आणि सव्वादोनशे किलोमीटर

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, पेट्रोलवरची. मुक्काम अंबाजोगाई. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९९१ साली गावातल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. शिक्षकाचा पगार, त्यात पतसंस्थेचं कर्ज. वीस वर्षं चालवली. २०११ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी घरामागच्या लिंबाखाली ताडपत्रीत गेली, ती अकरा वर्षं तिथेच होती.

मी वाळूजच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग हे माझं रोजचं. २०२२ च्या पावसाळ्यानंतर गाडी ट्रकवर चढवून संभाजीनगरला आणली आणि एका जुन्या फियाटवाल्या उस्तादांच्या गॅरेजात लावली. चार महिन्यांत उभी राहील असा अंदाज होता, लागले अकरा. सुटे भाग मिळाले नाहीत म्हणून एवढा वेळ गेला असं कुणालाही वाटेल. पण सुटे भाग बहुतेक मिळाले, जे मिळाले नाहीत ते मी लेथवर केले. खरा वेळ गेला तो गाडी कशी हवी हे ठरवण्यात. तेवढ्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

कुणाला काय हवं होतं

माझी यादी तयार होती. नव्या जमान्याचं तेराशे सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स, स्टेअरिंगवरच्या हाताच्या गिअरऐवजी पायापाशी जमिनीवरचा खालचा गिअर, पुढे दोन वेगळ्या सीट, डिस्क ब्रेक, एसी, गडद हिरवा रंग. माझं म्हणणं सरळ होतं: संभाजीनगर ते अंबाजोगाई हा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता मला महिन्यातून एकदा या गाडीनं करायचाय. आडूळ, पाचोड, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई, बीड, मग मांजरसुंब्याचा घाट उतरा-चढायचा, नेकनूर, केज आणि घर. या रस्त्यावर आता सगळी वाहनं शंभरच्या पुढे पळतात. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनानं त्यांच्यात चालायचं कसं?

अण्णांची यादी एका वाक्याची होती. "होती तशी कर."

मी विचारलं, होती तशी म्हणजे कधीची? १९८६ ला कारखान्यातून निघाली तशी, का १९९१ ला तुम्ही घेतली तशी, का २०११ ला तुम्ही सोडली तशी? हा प्रश्न मी थोड्या रागातच विचारला होता, पण पुढे तोच सगळ्यात उपयोगाचा ठरला. कारण अण्णांना आठवत असलेल्या गाडीत कारखान्याचं नसलेलं बरंच काही होतं: जादा हॉर्न, मागच्या काचेचा पडदा, थर्मोस्टॅट काढून टाकलेलं इंजिन, आणि परळीच्या एका पेंटरनं हातानं रंगवलेली मराठी आकड्यांची नंबर प्लेट. "ओरिजनल" हा शब्द आम्ही दोघंही वापरत होतो आणि आमच्या डोळ्यांपुढे दोन वेगळ्या गाड्या होत्या.

आईला आम्ही विचारलंच नाही. ते पुढे येईल.

गाडीची थोडी माहिती

पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद, म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापूरचे, यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट म्हणून, फियाटशी करार संपल्यावर प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं निघत राहिली, जवळपास २००० पर्यंत. इंजिन १०८९ सीसीचं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. चार गिअर, तेही स्टेअरिंगच्या दांड्यावर. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे. यातली एकही गोष्ट आजच्या हायवेसाठी केलेली नाही. उलट उखडलेल्या रस्त्यावर चाळीस-पन्नासनं, पाच-सहा माणसं आणि टपावर सामान घेऊन चालायला ती इतकी योग्य आहे, की तिच्यात काही बदलायच्या आधी ती कशासाठी तशी आहे हे समजून घेतलंच पाहिजे, असं माझं आता ठाम मत आहे.

कायद्याचं त्रांगडं थोडक्यात. पन्नास वर्षांच्या पुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण मग ती रोज चालवता येत नाही. आमची तेव्हा ३६ वर्षांची, म्हणजे मधल्यामधे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फीच ५,००० रुपये झाली होती, उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. माझ्या यादीतली पहिलीच ओळ इथे अडखळली.

उस्तादांचा प्रश्न

इंजिन खोललं त्या दिवशी अण्णा आले होते. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढून बाकावर उलटं ठेवलं. पाण्याच्या वाटांची भोकं करंगळी जाईल एवढी असायला हवीत, त्यातल्या दोन भोकांत काडेपेटीची काडीसुद्धा जाईना. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं, तर पांढरा, चुन्याच्या निवळीसारखा थर खपल्याखपल्यांनी निघाला. वीस वर्षं रेडिएटरमध्ये आमच्या बोअरवेलचं पाणी गेलं होतं. मराठवाड्यात ज्याच्या घरी गीझर आहे त्याला हा थर ओळखीचा असेल. हीटरच्या कॉइलवर हाच बसतो. हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गरम होऊन वाकलेलंही होतं. सरळ पट्टी लावली तर मध्ये फट मोजायच्या फिलर गेजचं ०.१५ मिलिमीटरचं पान सहज जात होतं.

अण्णा कितीतरी वेळ ते हेड बघत राहिले. म्हणाले, "मला वाटायचं, गाडी म्हातारी झाली म्हणून तापतीय."

इंजिन बदलायचा विषय मी तेव्हाच काढला. दोष नुसत्या पाण्याचा आहे आणि इंजिन सुधारण्यासारखं आहे हे दिसत असतानाही काढला. उस्तादांनी हात पुसले आणि मला एकच विचारलं: "लावशील ते लाव. पण उद्या काढून पहिल्यासारखं करायचं म्हटलं, तर होईल का?"

त्या प्रश्नावरून आमचा नियम ठरला. जो बदल एका रविवारात काढून गाडी पूर्ववत करता येते, तो माझ्या मर्जीनं. ज्यासाठी पत्रा कापावा लागतो किंवा मूळ भाग कायमचा जातो, तो अण्णांच्या होकाराशिवाय नाही. हौसेच्या गाडीत दोन माणसांच्या आवडी असतील तर यापेक्षा चांगली वाटणी मला अजून सापडलेली नाही.

इंजिन तेच राहिलं. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून नवे पिस्टन टाकले, म्हणजे इंजिन आता सुमारे ११०५ सीसीचं. हेडला फेस मारला, म्हणजे घासून सपाट केलं. ब्लॉकची पाण्याची वाट दोनदा ॲसिडनं साफ केली. आता आत फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मे-निम्मे. बोअरवेलचं पाणी रेडिएटरच्या जवळपासही येऊ देत नाही. डिकीत पाच लिटरचा कॅन कायम भरलेला. थर्मोस्टॅटवरून मात्र वाद झाला. आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून बहुतेक मिस्त्री तो काढून फेकतात, अण्णांच्याही गाडीत नव्हता. पण थर्मोस्टॅट इंजिनाला किमान तापमानाला आणून ठेवतो. पूर्ण उघडल्यावर तो पाण्याला फारसा अडवत नाही. तो नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन तासभर थंडच चालतं, चोक ओढलेला राहतो, पेट्रोल सिलिंडरची भिंत धुतं आणि ऑइल खराब होतं. मी बसवला. चार बोल्ट काढले की निघतो, म्हणून नियमात बसला.

गिअर

खालच्या गिअरचा माझा हट्ट सगळ्यात मोठा होता. हाताच्या गिअरनं मला लहानपणापासून घाबरवलं होतं: दुसरा शोधायला जावं आणि रिव्हर्सच्या बाजूला दांडा अडकावा. पण खालच्या गिअरसाठी दोन्ही पायांच्या जागेमधल्या उंचवट्यावर, म्हणजे बोगद्यावर, भोक पाडावं लागणार होतं. पत्रा कापायचा म्हणजे अण्णांचा होकार हवा.

अण्णा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "आधी याचं दुखणं बघ की, मग काप."

दुखणं बघितलं. स्टेअरिंगच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत ज्या सळ्या आणि लिव्हर जातात, त्यांच्या प्रत्येक सांध्यात एक बूश असतो. सगळे बूश झिजून अंड्यासारखे झालेले. एका सांध्यातला ढिलेपणा मिलिमीटरभराचा, पण सगळे मिळून गिअरच्या मुठीपाशी दोन इंच मोकळं हलत होतं. मी गनमेटलचे बूश काढले, पिना नव्या केल्या, बसवताना ०.०५ मिलिमीटरची फट ठेवली. दोन संध्याकाळ गेल्या. मुठीपाशी आता अर्धा इंचसुद्धा खेळ नाही. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, हात स्टेअरिंगवरून न हलवता, दोन बोटांनी पडतो.

हे काम झाल्यावर माझी आवडच बदलली. ज्याला मी माझी आवड समजत होतो, ती खरं तर खराब झालेल्या भागाबद्दलची तक्रार होती. जुन्या गाडीत काही बदलायच्या आधी तो भाग एकदा नव्यासारखा करून चालवून बघावा. मग नाही आवडला तर खुशाल बदला. बहुतेक लोक झिजलेला भाग चालवून निकाल देतात. मीही तेच केलं होतं.

ब्रेकचंही तसंच. पॅडल दाबलं की पायाला धडधड लागायची, म्हणून मला डिस्क हवे होते. ड्रम लेथवर चढवून डायल, म्हणजे मापाचं घड्याळ, लावला: एक ०.४ मिलिमीटरनं लंबगोल, दुसरा ०.२५. हलका कट घेऊन गोल केले, लायनिंग ड्रमच्या मापानं घासून बसवले, व्हील सिलिंडरची रबरं बदलली. धडधड गेली. उतारावर ड्रम तापले की पकड कमी होते, ते मात्र कुठल्याही लेथनं जात नाही. त्यावर उपाय अण्णांचा: मांजरसुंब्याचा घाट ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची.

जिथे नियम मोडला

पुढची सीट अखंड बाकाची. तिच्यावर तिघं बसायचे: अण्णा, आई, मध्ये मी किंवा बहीण. १९८६ च्या गाडीला सीट बेल्ट नाहीत आणि त्या काळच्या गाडीला कायद्यानं सक्तीही नाही. मला बेल्ट हवेच होते. अण्णांना बाक हवा होता.

बेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्यात घालून भागत नाही. अपघातात माणसाचं कित्येक पट वजन त्या एका बोल्टवर येतं, जुना पत्रा कागदासारखा फाटतो. मधल्या खांबाच्या आतून तीन मिलिमीटरची पट्टी वेल्ड करावी लागते. म्हणजे कापाकापी, कायमची. इथे मी परवानगी मागितली नाही, फक्त सांगितलं. बाक राहील, दोन्ही कडेला तीन बिंदूंचे बेल्ट येतील, मध्ये कुणी बसणार नाही. अण्णा दोन आठवडे माझ्याशी गाडीबद्दल बोलले नाहीत. आजही ते काम मी तसंच करीन. जीव वाचवणाऱ्या गोष्टीत मूळपणाचा आग्रह मला मान्य नाही, मग गाडी कितीही जुनी असो.

रंगाला वेळ लागला नाही. डिकीच्या गालिच्याखाली मूळ फिका निळा सापडला, तोच मारला. टायर रेडियल घेतले. प्लेट सरकारी नियमाची लावावी लागली. पेंटरची जुनी प्लेट आता ओसरीत भिंतीवर आहे.

शहागडच्या अलीकडे

पहिली खेप एप्रिलमध्ये केली. कामावरून निघायला उशीर झाला आणि भर दुपारी रस्त्याला लागलो. वडीगोद्रीपर्यंत झकास. शहागडच्या अलीकडे गाडीनं दोन-तीन गचके दिले आणि बंद. करंट होता. कार्बोरेटरकडे बघितलं तर पेट्रोल पोचत नव्हतं, नुसते बुडबुडे. एसी पंप, म्हणजे इंजिनावर चालणारा पेट्रोलचा पंप (थंड हवेचा एसी नव्हे), इंजिनाला चिकटलेला, हात लावू नये इतका तापलेला. टाकी मागे, पंप पुढे. पंप पेट्रोल ओढून घेतो तेव्हा पाइपातला दाब कमी होतो आणि कमी दाबात गरम पेट्रोल लवकर उकळतं. मग पंप वाफच ओढत बसतो. अण्णांना फोन केला, त्यांनी एका शब्दात उपचार सांगितला: "फडकं." रुमाल ओला करून पंपावर गुंडाळला, बॉनेट उघडं ठेवून बाभळीखाली वीस मिनिटं बसलो. चालू झाली. अंबाजोगाईपर्यंत तीन वेळा फडकं ओलं केलं.

परत आल्यावर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला. तो पेट्रोल मागून ढकलतो, त्यामुळे पाइपात दाब राहतो. जुना एसी पंप जागेवरच आहे, पण त्याची वाट वगळली. दोन्ही जोडून ठेवले आणि जुन्याच्या आतला रबरी पडदा फाटला, तर नवा पंप पेट्रोल थेट ऑइलमध्ये ढकलेल, म्हणून. इंजिनात ऑइलचा दाब नसेल तर पंप आपोआप बंद होईल असा स्विचही लावला. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप चालूच राहिला तर आग लागते.

याच वेळी रबरी पाइप तपासले. वर्षभरापूर्वीच टाकलेले नवे पाइप बोटांत मऊ लागत होते. पेट्रोलमधल्या इथेनॉलनं साधं रबर फुगतं, आणि आता तर प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलंय. सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. वीस टक्के इथेनॉल असलं की तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं, नाहीतर मिश्रण हलकं होऊन इंजिन तापतं. कार्बोरेटरमधल्या जेटचा, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाचा, व्यास चार टक्के वाढवला की भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. तेवढंच वाढवलं, जुनं जेट डबीत जपून ठेवलं. आमच्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आमच्याच गाडीला सोसवायचं, तर ही मेहनत करायलाच हवी होती.

आईची काच

मे महिन्यात आई पहिल्यांदा गाडीत बसली. केजच्या लग्नाला निघालो होतो. एसी नव्हताच, तो लावायचा तर एवढ्याशा इंजिनाला ओझं, आणि डॅशबोर्ड कापावा लागणार, म्हणून यादीतून गेलेला. आईनं बसल्याबसल्या दाराच्या पुढच्या त्रिकोणी काचेला हात घातला. काच हलेना. रंगवाल्यानं ती रबरासकट पक्की करून टाकली होती, पाणी गळू नये म्हणून. मी आणि अण्णांनी वर्षभर गाडीवर एवढं बोलून घेतलं, या काचेचा विषय एकदाही निघाला नव्हता.

"मग वारं कुठून घेऊ?" आई म्हणाली. "मी या काचेसाठीच पुढं बसायची."

ती काच तिरकी उघडली की चालत्या गाडीचं वारं वळून थेट बसणाऱ्याच्या छातीवर येतं. मोठी काच पूर्ण खाली केली तर वारं कानावर आदळतं, धूळ येते, पदर उडतो. चालवणाऱ्या माणसाला हे कळत नाही, कारण तो रस्त्याकडे बघत असतो.

पुढच्या रविवारी काच सोडवली. खालची पिन गंजून अर्धी झालेली. आठ मिलिमीटरच्या पितळी सळईतून नवी काढली, खाली स्प्रिंग वॉशर घातला, म्हणजे काच सोडाल त्या कोनात थांबते आणि ऐंशीच्या वेगालाही मागे फिरत नाही. दोन्ही बाजूंच्या केल्या. सगळ्या गाडीत माझ्या हातचं सगळ्यात छोटं काम हेच, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं तेही हेच.

आत्ताची स्थिती

गाडी महिन्यातून एकदा तो रस्ता करते. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला निघतो, साठ-सत्तरच्या मध्ये चालवतो, बीडला चहा घेतो. लिटरला तेरा-चौदा किलोमीटर मिळतात. हायवेवर डावी लेन धरली की मागच्यांचा त्रास होत नाही. उलट काही जण शेजारी येऊन काच खाली करतात आणि अंगठा दाखवून पुढे जातात.

डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या जुन्या स्विचच्या, जागी मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंय. टोपण तेच, बाहेरून काही कळत नाही. अण्णांना ते पटलेलं नाही. पॉइंटमध्ये फट घालायला त्यांना फिलर गेज लागत नाही, आणि या डबीतल्या बिघाडाला रस्त्यात कुणाकडे औषध नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून पॉइंट, कंडेन्सर आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. दर खेपेला निघताना पिशवी आहे का, ते स्वतः कप्पा उघडून बघतात.

आयडलचं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगानं फिरावं त्याचं, अजून मिटलेलं नाही. मी ते मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांवर लावून देतो. पुढच्या खेपेला बघावं तर नऊशेच्या वर. अण्णांना इंजिन जरा चढंच ऐकायला आवडतं. गेल्या दोन खेपांपासून मी त्या स्क्रूला हात लावलेला नाही. पेट्रोलचा हिशेब तेवढा वहीत लिहून ठेवतोय.